नऊ वर्षांचे गुरुजी

दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि कवडे गुरुजी तिसऱ्यांदा म्हणाले, "नंदा, पाच वाजता बारसं आहे." मीही तिसऱ्यांदा म्हणाले, "होतंय गुरुजी, बसा." खरं तर काहीच होत नव्हतं.

सोलापूरकडच्या वाशीच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं ही खरी कामं. पण निम्मा दिवस जातो तो "फोन ॲप घेईना झालाय" म्हणत येणाऱ्यांत. ते काम आपण डोळे मिटून करतो, असा त्या दिवसापर्यंत माझा समज होता.

गुरुजींनी मला तिसरी-चौथी शिकवली. आता पंचाहत्तरीला आलेत, पण शर्टाची इस्त्री आणि आवाजातली जरब तशीच आहे. त्यांची नात वर्षा दुबईला असते. तिला मुलगी झाली होती आणि त्या दिवशी बारसं होतं. पणतीचं नाव गुरुजींनी ठेवायचं, तेही इथून व्हिडिओ कॉलवर, असं ठरलेलं. पण तिकडं आपले नेहमीचे व्हिडिओ कॉल लागत नाहीत. त्यासाठी वेगळं ॲप लागतं, आणि नेमकं तेच गुरुजींच्या फोनवर येईना. घरी चार दिवस खटपट करून शेवटी ते एसटीनं माझ्याकडं आले. पोरीचे नुसते फोटो बघितले होते त्यांनी. तिला हलताना, रडताना अजून बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, आजच्यापुरतं माझ्या फोनवर ॲप घेऊ. ते म्हणाले, "आजचं झालं. उद्या काय, रोज तुझ्या दुकानात येऊन बसू?" घरी काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा फोन होता, पण त्याचा पुढचा कॅमेरा गेलेला. त्याचा पार्ट सोलापूरहून आणायचा मी दोन आठवडे विसरत होते. त्यामुळं जास्त न बोलता कामाला लागले.

ॲप येत नसलं की आम्ही ठरलेल्या क्रमानं जातो. आधी फोनमध्ये जागा आहे का बघायचं. गुरुजींच्या फोनमध्ये जागाच जागा. सकाळी आलेले सुप्रभातचे फोटो हा माणूस संध्याकाळी पुसून टाकतो. मग तारीख-वेळ, कारण फोनची तारीख चुकली की स्टोअर त्याला दारात उभं करत नाही. तीही बरोबर. नेट चांगलं. मग कॅश, म्हणजे ॲपनं स्वतःच्या सोयीसाठी तात्पुरतं साठवलेलं सामान. कधी कधी त्यातच घोळ असतो, म्हणून तेही साफ केलं. फोन बंद करून चालू केला. पुन्हा तेच. ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ आणि तिच्या शेवटी 'प्रलंबित'.

प्रलंबित म्हणजे आमच्या भाषेत पेंडिंग. दुसरे अपडेट रांगेत असले की असं दिसतं, हे मला पाठ. म्हणून मी सगळे अपडेट थांबवले. काडीचा फरक नाही. मग अकाउंट काढून पुन्हा टाकावं का, फोन अख्खा रिसेट मारावा का, इथवर माझी गाडी गेली. साडेतीन वाजले होते. थांबलेली दोन गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला घाम फुटला होता.

गुरुजी म्हणाले, "नंदा, ती ओळ मोठ्यानं वाच."

"पेंडिंग आहे म्हणतोय, गुरुजी."

"तो काय म्हणतोय ते नको सांगू. लिहिलंय काय ते वाच. पहिल्या शब्दापासून."

चाळिशीची बाई मी, पण नकळत उभी राहिले आणि वाचलं, "पालकांची मंजुरी प्रलंबित."

हे मी लहान पोरांच्या फोनवर बघितलेलं आहे. पोराच्या नावानं अकाउंट काढलं की ते आई नाहीतर बापाच्या अकाउंटला जोडतात. पोरानं ॲप मागितलं की विनंती पालकाच्या फोनवर जाते, आणि तिकडून हो आल्याशिवाय ॲप येत नाही. मी गुरुजींच्या अकाउंटमधली जन्मतारीख उघडली. फोनच्या लेखी गुरुजी नऊ वर्षांचे होते.

तारीख कुणी टाकली विचारलं तर म्हणाले, मीच. त्यांची कागदावरची तारीख एक जून, त्यांच्या मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली. पुढं त्यांनी स्वतः निम्म्या गावाला एक जूनच दिला. माझाही तोच आहे. आयुष्यभर खोट्या तारखा लिहिल्या, आता फोन खरी मागतोय तर खरीच द्यावी, असा त्यांचा विचार. आणि खरी तारीख त्यांना एकच ठाऊक होती. नऊ वर्षांपूर्वी सोलापूरला हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, गुरुजी, आज तुमचा नवा जन्म झाला. ती त्यांनी टाकली. पुढं फोननं पालक विचारले. गुरुजींना वाटलं, पेशंटला सांभाळणारं माणूस विचारतोय. गोळ्या आणि पथ्य काकू बघतात, म्हणून काकूंचं अकाउंट दिलं. त्यांच्या फोनवरची बटणंही यांनीच दाबली.

गिऱ्हाइकं आधी हसली, मग मी, आणि माझं तर थांबेचना. शेवटी गुरुजींनाही हसू आवरलं नाही.

जन्मतारीख दुरुस्त करायला ओळखपत्र पाठवावं लागतं, त्यात वेळ जातो. पाचच्या आत काम होणार ते काकूंच्याच हातून. मी त्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. विनंत्यांचं त्यांना माहीत होतं. अशा विनंत्या चार दिवस येत होत्या आणि त्या एकेक नाकारत होत्या, कारण मोबाईलनं काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं, असं गुरुजींनीच शिकवलेलं. सकाळची तेवढी बारशाच्या गडबडीत बघायची राहिली होती. मी म्हणाले, काकू, ती उघडा आणि 'मंजूर'वर दाबा.

"दाबते की. पन आधी त्यास्नी इचार, नाव काय ठरवलंय?"

गुरुजी म्हणाले, ते पाच वाजता कळेल.

"अहो, चार लेकरांची नावं तुमी ठेवली. नातवंडांची बी तुमीच. मला एकदा तरी इचारलं का? ह्या पोरीचं म्या ठेवनार. न्हायतर बसा तिथंच."

आवाजात राग नव्हता, पण माघारही नव्हती. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, "तुला सुचलंय का काही?"

"पन्नास वर्सं झाली सुचून. पयल्या पोरीच्या टायमालाच."

गुरुजी म्हणाले, "तूच ठेव. मला कळायला पाहिजे होतं."

मिनिटभरात ॲप आलं. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणाले, शटर ओढलं आणि गुरुजींना स्कूटीवर घेऊन त्यांचं गाव गाठलं. वाटेत विचारलं, तुम्ही काय ठरवलं होतं? "सौदामिनी," ते म्हणाले. मी रस्त्याकडं लक्ष दिलं.

पाचला पाच कमी असताना पोचलो. काकूंनी आळीतल्या बाया गोळा केल्या होत्या आणि पाळणा बांधला होता. कॉल लागला तसा त्यांनी फोन उशीवर ठेवून पाळण्यात घातला आणि सगळ्या मिळून झोके द्यायला लागल्या. आतून वर्षाचा आवाज आला, आजी, झोका थांबव, मला गरगरतंय. हसून हसून पुरेवाट झाली. मग काकू पाळण्यात वाकल्या आणि म्हणाल्या, "रेशमा." तिकडं पोरगी जोरात रडली. गुरुजींनी तिचं रडणं पहिल्यांदा ऐकलं आणि स्वतःही रडले, उघडपणे, सगळ्या बायांसमोर. मला लई आनंद झाला. एवढी वर्षं दुकान चालवतेय, असा आनंद कुठल्या डिस्प्लेनं दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात ओळखपत्र घेऊन या, तारीख दुरुस्त करू, असा मी निरोप धाडला. गुरुजी आले नाहीत. म्हणाले, मंजुरी राहू दे तिच्याकडंच. तेव्हापासून मी एररची ओळ पहिल्या शब्दापासून वाचते. अपवाद फक्त गुरुजींचा. त्यांच्या फोनवर काही अडलं की मी जागा, तारीख, कॅश काहीच बघत नाही. सरळ काकूंना फोन लावते.