इनायतभाईंचं जहाज आणि नूरीबाईंची खाट

मूल नावाच्या गावात इनायतभाईंनी बसवलेलं दार पावसाळ्यातही चौकटीत अडत नसे. हे इनायतभाई स्वतःच सांगत, पण त्यात खोटं काही नव्हतं. आलापल्लीचं सागवान पुढ्यात आलं की त्यांना घरादाराचा विसर पडे. घराचा तर नक्कीच पडे, कारण त्यांच्याच घरात बायकोची, म्हणजे नूरीबाईंची, खाट डुगडुगत होती. तिचा एक पाय कायम अधांतरी. इनायतभाईंनी तो काढून पाहिला, तासून पाहिला, बदलूनही पाहिला. शेवटी "फरशीच वाकडी हाये" असं म्हणून त्यांनी पायाखाली कौलाचा तुकडा सरकवला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारून गेला. तोंड सावरलं, पाय सावरला, पण उजव्या हाताला कंप राहिला. आपल्या सुतारकामाच्या दुकानात जाऊन रंधा धरला तर पहिल्याच फटक्यात फळीला खड्डा. त्यांनी शटर ओढलं आणि मग त्या रस्त्यानं जायचंही सोडलं.

मुलगा जाहिद कोचीला जहाजाच्या कारखान्यात वेल्डर. अब्बांच्या बोटांना चाळा मिळावा म्हणून त्यानं एक खोका पाठवला. त्यात लाकडी जहाजाचे सुटे भाग होते: एक कणा, त्याला लावायच्या फासळ्या आणि वरून चिकटवायच्या पातळ पट्ट्या. सोबत चित्रांची पुस्तिका. इनायतभाईंनी ती न उघडताच खिडकीत ठेवून दिली. जन्मभर लाकडात घालवलेला माणूस चित्रं पाहून शिकणार होय? जहाज म्हणाल तर त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. वैनगंगेत मासे धरणाऱ्या ढिवरांचा डोंगा पाहिलेला, आणि तो तर अख्ख्या ओंडक्यातून कोरलेला.

पण मनाशी त्यांनी एक ठरवून टाकलं होतं, आणि ते नूरीबाईंना सांगूनही टाकलं. "जहाज सरळ उभं राह्यलं तं दुकान खोलतो. नाई तं हत्यारं शहबाजले देऊन टाकतो." शहबाज म्हणजे त्यांचा भाचा, ब्रह्मपुरीला सुतारकाम करणारा. त्याला शुक्रवारी यायला सांगितलं होतं.

उजवा हात डाव्या हातावर टेकवून इनायतभाई कामाला लागले. दाराची, कपाटाची रीत हीच: एक बाजू पुरी करायची, मग उलटायचं. तसंच त्यांनी जहाजाच्या एका कुशीवर सगळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि फेविकॉल वाळत ठेवला. सकाळी पाहतात तर कण्याला पीळ पडलेला. जहाजाचं नाक मशिदीकडे आणि शेपूट बसस्टँडकडे.

इनायतभाईंना रडू आलं. ते लपवावं एवढंही त्यांना सुचलं नाही.

"माहा हात गेला, नूरी."

नूरीबाईंनी जहाज उचललं, डोळ्यासमोर धरलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"हासून राह्यली काऊन?" इनायतभाई भडकले.

"जोडात नख घालून पाहा पह्यले."

त्यांनी पाहिलं. पट्टीला पट्टी अशी भिडलेली की नख कुठेही शिरेना. थरथरत्या हातानं केलेलं काम, पण चूक शोधून सापडत नव्हती.

"जोड पक्के हायेत," नूरीबाई म्हणाल्या. "एकीकडूनच सारं आवळलं, म्हणून वाकलं. माह्या खाटेवानी."

"खाटेचं काय आलं इथी?"

नूरीबाईंनी पदर सारखा केला. "नवी नवरी होती मी. तुमी खाट बनवून देल्ली, दोरी मी विणली. एकाच अंगानं आवळत गेली. पाय उचलला, तं तुमी पायालेच तासून राह्यले. मले शरम वाटली, सांगितलंच नाई. तुमी बनवलेला पाय पह्यल्यापासून बराबर होता."

इनायतभाईंनी खिडकीतली पुस्तिका ओढली आणि उघडली. दुसऱ्याच पानावर चित्र होतं: एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांचा जीव भांड्यात पडला. हात शाबूत होता. चुकली होती ती रीत, आणि रीत काय, बदलता येते.

मग घरात इस्त्री निघाली. नूरीबाई ओलं फडकं पट्टीवर धरत, वरून इस्त्री टेकवत. वाफेनं फेविकॉल मऊ झाला की इनायतभाई सुरीचं टोक घालून पट्टी सोडवत. दोन तुटल्या, बाकी वाचल्या. कण्याचा पीळ सुटला. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून पुन्हा लावल्या, या वेळी एक इकडे, एक तिकडे. बोटं थरथरतच होती, पण आता इनायतभाई त्यांना शिव्या देत नव्हते. उलट कामाच्या भरात ते गुणगुणायला लागले, तेव्हा नूरीबाई पाणी आणायचं निमित्त करून आत गेल्या आणि डोळे पुसून आल्या.

शुक्रवारी शहबाज रिकामं पोतं घेऊन आला. कपाटावर जहाज ताठ उभं होतं. मामू मात्र दिसेनात. पाहतो तर खाटेखालून दोन पाय बाहेर आलेले.

"मामू, हत्यारं कुठी हायेत?"

"मले लागून राह्यले," खाटेखालून आवाज आला. "तू ते दोरीचं टोक धर. तिकडून ओढ, मी इकडून ओढतो."

दोघांनी दोन्ही अंगांनी सारखी दोरी आवळली. नूरीबाईंनी कौलाचा तुकडा काढून अंगणात भिरकावला आणि खाटेवर बसून पाहिलं. खाट हलली नाही.

इनायतभाई धूळ झटकत बाहेर आले. खाटेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"फरशी तं सरळच हाये, नूरी," ते म्हणाले, आणि दुकानाची चावी शोधायला लागले.