ग्रेव्हिलियाला मासळीचं पाणी

मांदेली धुतलेलं पाणी नारळाच्या आळ्यात ओतायला आज परसात गेले, आणि त्या वासासरशी सासूबाई आठवल्या.

वीसेक वर्षांपूर्वी अलिबागच्या नर्सरीतून मी ग्रेव्हिलिया आणली होती. ऑस्ट्रेलियातलं झुडूप, बारीक वेटोळ्या लाल फुलांचं. नर्सरीवाल्याने बजावलं होतं, पाणी बेताचंच द्या आणि मासळीचं खत अजिबात नको, झाड मरेल. मुरुडच्या आमच्या घरी तर मासळीच्या पाण्यावरच सगळी झाडं पोसलेली.

त्या दुपारी सासूबाई तपेलं घेऊन झुडपापाशी थांबल्या. हात ओले, मनगटाला खवले चिकटलेले. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "देऊ का गं याला? उपाशी हाय बिचारं."

मी म्हटलं, "द्या ना."

मग त्या रोज देत राहिल्या. पानं कडेने काळी पडली, महिन्याभरात झुडूप वाळलं. "माझाच हात वाईट," एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या झाडांना पुन्हा कधी हात लावला नाही. नर्सरीवाल्याने बजावलेलं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आता त्या नाहीत. नवी ग्रेव्हिलिया फुललीये, तिला कुणी काही घालत नाही. त्यांनी विचारलं म्हणून हरखून मी 'द्या' म्हटलं, की मरू दे, मग कळेल यांना, असं मनात होतं? इतकी वर्षं पहिलंच खरं धरून चालले होते. आज नारळाच्या आळ्यात तपेलं रिकामं झालं, तरी घरात न जाता मी या झुडपापाशीच उभी आहे.