पप्पांनी घडवलेला पीस कुठे गेला: कल्याण ते चिंचणी

माझे पप्पा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर होते. तिथे घडवलेले स्टीलचे पीस शेवटी कुठे बसतात, हे त्यांना रिटायर झाल्यावरही माहीत नव्हतं. ड्रॉइंगवर फक्त नंबर असायचा. मालक "अॅटॉमिकचं काम आहे, नीट करा" म्हणायचे, एवढंच.

मी नौपाड्यात नोकरी करते. ऑफिसातली मैत्रीण दीप्ती एकदा जेवताना सहज म्हणाली, की तिचे मामा तारापूरच्या अणुवीज केंद्रातून रिटायर झालेत आणि शेजारच्या चिंचणीत राहतात. घरी येऊन पप्पांना सांगितलं. एरवी लग्नाला जायचं तरी चार दिवस विचार करणारा हा माणूस लगेच म्हणाला, "रविवारी जाऊ या."

जानेवारीतल्या रविवारी पहाटे सहाला कल्याणहून निघालो. गाडी मी चालवत होते. पप्पांनी आधी वागळेला घ्यायला सांगितली. त्यांच्या वर्कशॉपच्या जागी आता काचेची इमारत उभी आहे. आतली लिफ्ट दाखवून म्हणाले, तिथे माझं मशीन होतं. मग तिथेच, फुटपाथवर उभं राहून, त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. देशाने अणुचाचण्या केल्या तेव्हा वर्कशॉपमध्ये पेढे वाटलेले. त्याच आठवड्यात आमच्या चाळीच्या विहारात वंदना झाल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी त्यांना विचारलं, "तुमचा माल त्या बॉम्बला लागतो काय हो?" पप्पा म्हणजे जीवहत्या करणार नाही म्हणून पंचशील घेतलेला माणूस. त्यानंतर तेच काम ते अनेक वर्षं करत राहिले, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

रस्त्याचं सांगते. घोडबंदर रोड सातच्या आत पार करा, नाहीतर गायमुखच्या चढावर अडकाल. पुढे अहमदाबाद हायवे, मनोरच्या पुढे चिल्हार फाट्याला डावीकडे वळून बोईसर, मग तारापूर आणि चिंचणी. सीएनजी हायवेलाच भरून घ्या. आम्हाला चहा-वडापावसकट साडेतीन तास लागले, आणि टोल-गॅस धरून जाऊन-येऊन हजाराच्या थोडं वर.

दीप्तीचे मामा, सावेकाका, गेटपर्यंत घ्यायला आलेले. घराभोवती नारळाची वाडी. काकूंनी उकडहंडी केलेली. कोनफळ, सुरण, वालाच्या शेंगा, हिरवा मसाला, सगळं एका मडक्यात. सोबत तांदळाची भाकरी. हिवाळ्यात या भागात आलात तर ही खाल्ल्याशिवाय परतू नका. पप्पा मात्र अर्ध्या भाकरीवर थांबले.

जेवण झाल्यावर समुद्रावर गेलो. किनारा लांबच लांब, वाळू काळपट. डावीकडे, दूर, केंद्राच्या इमारती दिसत होत्या. आत सोडत नाहीत, फोटोही काढू नका. सावेकाका सांगत होते आणि मी ऐकतच राहिले. युरेनियमच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या नळ्यांत भरतात आणि त्या नळ्यांचा हातभर लांबीचा जुडगा करतात. नवा असतो तेव्हा तो त्यांनी नुसते हातमोजे घालून उचललाय. तोच अणुभट्टीतून वापरून निघाला की किरणोत्सर्गामुळे खोल पाण्याखालीच ठेवावा लागतो. आणि हे जुडगे भट्टी चालू असतानाच मशीनने बदलतात, वीज एक क्षण बंद न करता. काकांनी उभी हयात त्या मशीनवर काढली.

पप्पांनी एक काटकी उचलली, ओल्या वाळूत पीस काढला आणि बाजूला मापं लिहिली. इतक्या वर्षांनंतर एकही माप अडलं नाही. समोरचा फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग, आरशासारखा लागायचा, म्हणाले, एक ओरखडा दिसला की पीस बाद.

सावेकाका वाकून बराच वेळ बघत राहिले.

"अहो, हे सीलिंग प्लगचं आहे," ते म्हणाले. "भट्टीतल्या ज्या मोठ्या नळ्यांत जुडगे सरकवतात, त्यांच्या दोन्ही टोकांना हे झाकण बसतं. मशीन आधी हेच झाकण काढतं, जुडगे बदलतं, परत बसवतं. आतलं पाणी प्रचंड दाबाचं. हा फेस चुकला तर गळती."

"म्हणजे विजेसाठी?" पप्पांनी विचारलं.

"झाकण विजेसाठीच. खोटं नाही सांगत. पण वापरलेल्या युरेनियममधून प्लुटोनियम निघतं. त्याचं इंधन होतं, आणि बॉम्बही होतो. आमचं वापरलेलं पुढे कुठे गेलं, ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

 मला वाटलं, उगाच आणलं पप्पांना. पण त्यांनी हळूच विचारलं, "गळलं कधी?"

"माझ्या हाताखालचं एकही नाही," काका म्हणाले आणि त्यांनी पप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला.

 येताना मनोरजवळ पप्पा एवढंच म्हणाले, की अर्धं उत्तर मिळालं, आणि जे मिळालं ते खरं आहे. उरलेला अर्धा प्रश्न, बॉम्बचा, आता माझ्याही मनात आहे. पण ज्या वस्तूचं नावसुद्धा माहीत नाही ती इतकी चोख करणारा हा माणूस, त्याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी घरी पोचलो. पप्पांनी मम्मीला समोर बसवून सगळं सांगितलं, गोळ्या, जुडगे, मशीन, झाकण. तीस वर्षं तिने त्यांचे तेलकट कपडे धुतले होते. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"मलाच माहीत नव्हतं गं," पप्पा म्हणाले. "पीस बरोबर झाला पाहिजे, एवढंच माहीत होतं."