लाल तार दायाँ

राखोलीच्या आमच्या शेडमध्ये उपग्रहाचे डोळे बनायचे. म्हणजे सूर्य कुठल्या बाजूला आहे ते सांगणारे सेन्सर. डाव्या डोळ्यावर ऊन जास्त पडलं की उपग्रहानं डावीकडे वळायचं, उजव्यावर पडलं की उजवीकडे. चुकून पाठ फिरवली तर ऊन नाही, बॅटरी नाही, खेळ खलास.

मी तिथला सुपरवायझर. माझा हात आधी चालायचा, डोकं मागून. एकदा आमलीच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याची कॉलर फाडली होती, ती कशावरून तेही आता आठवत नाही.

तारा जोडणारा धुळ्याकडचा होता. टोकरखाड्यात माझ्याच चाळीत राहायचा, मला दादा म्हणायचा. हात असा स्वच्छ की बघत राहावं.

त्या दिवशी बंगळूरहून एक साहेब चाचणीला आले होते. नापास झालो तर शेडला टाळं, हे मालकानं आम्हाला बजावलं होतं. सेन्सर फिरत्या टेबलावर बसवला नि समोरचा मोठा दिवा लावला. टेबलानं दिव्याकडे तोंड करायचं, तर ते गर्रकन पाठ फिरवून उभं राहिलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "गाढवा, तारा उलट्या जोडल्यास!" म्हणत मी त्याच्या कानाखाली काडकन ठेवून दिली. तो कपाटावर आपटला.

"दादा, तुम्हीच तर..."

"चोर तो चोर, वर शिरजोर?" दुसरी दिली, तिसरी दिली, सगळ्या त्याच डाव्या कानावर. स्टूल लाथाडलं. त्यानं तापलेली सोल्डरिंगची सळई उचलली नि माझ्या डोळ्यासमोर धरली. अरे देवा, तो वास अजून नाकात आहे! मग त्यानं ती हळूच स्टँडवर ठेवली. कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं.

साहेबांनी मला मागे ओढलं. म्हणाले, "आमचं यंत्रसुद्धा एका डोळ्याचं ऐकून वळत नाही. दुसऱ्याला विचारतं. जुळलं नाही तर थांबतं. तुम्हाला थांबता येत नाही?"

मग त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लाल तार डावा, असंच दादा बोलले."

मी बोललो होतो 'लाल तार दायाँ'. शेडमध्ये सगळे हिंदी बोलत, तसा तो एक शब्द माझ्या मराठीत घुसला. दायाँ म्हणजे उजवा, लाल तार उजव्या डोळ्याला. मशीनच्या खडखडाटात त्याला डावा ऐकू आलं.

"मग परत विचारायचंस ना!" मी ओरडलो.

"दुसऱ्यांदा इचारलं की तुम्ही मारता, दादा."

तारा पाच मिनिटांत बदलल्या, चाचणी पास झाली. शेड वाचली. त्याच्या कानाचा पडदा फाटला होता, पुढे पू झाला नि तो कान कायमचा गेला. मला लाज वाटते, अजून वाटते.

नंतर कितीतरी वर्षं आम्ही एकाच चाळीत राहिलो. आमलीच्या बाजारात तो दिसला की मी विसरून त्याच्या डावीकडून हाक मारायचो. तो गर्रकन उजवीकडे वळायचा नि माझ्याकडे पाठ करून म्हणायचा, "बोला दादा."