टांगलेली नमो मरिये

नवापूरच्या त्या गल्लीत प्रिस्किलाबाईचं शिलाई मशीन थांबलं की शेजारी कान टवकारतात. मशीन थांबलं म्हणजे फोन वाजला, आणि फोन वाजला म्हणजे ‘सांजमाळ’मध्ये काहीतरी शिजलं.

सांजमाळ हा तिनेच काढलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आसपासच्या पाड्यांवरची कॅथलिक घरं आणि गुजरातेत ऊसतोडीला, कारखान्यांत पांगलेली त्यांची माणसं रोज दिवेलागणीला त्यावर रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हणतात. ज्याची पाळी, तो ‘नमो मरिये’चा अर्धा भाग आवाजात पाठवतो, उरलेला अर्धा बाकीचे परत पाठवतात. पाळी ठरवते प्रिस्किलाबाई. घरात नवरा, जोसेफ, तिचं ऐकत नाही, पण ग्रुपवर अख्खा डोंगर ऐकतो.

त्या दुपारी सुरतेहून दीपमालाने लिहिलं. ती साड्यांना टिकल्या लावते. पहिला नवरा सोडून तिने कोर्टात दुसरं लग्न केलंय. ‘दुसरं लग्न केलं म्हणून चर्चमध्ये मला ख्रिस्तप्रसाद नाही, समजलं. पण सुट्टीत गावी आल्यावर माझ्या मुलीला वेदीजवळ घंटा का वाजवू देत नाहीत? मुलगी आहे म्हणून, की माझी आहे म्हणून?’

झालं! धर्मशिक्षक रायसिंग मास्तर तापले. याच माणसाच्या धाकाने तीन पाड्यांना प्रार्थना पाठ झाल्या. त्यांनी लिहिलं, ‘हा प्रार्थनेचा ग्रुप आहे की ग्रामसभा? अर्धे कॅथलिक इथे नकोत. सांजेआधी हिला काढा, नाहीतर मी माझी घरं घेऊन निघतो.’

‘माझी घरं’! जशी मास्तरांनीच कौलं चढवली होती. पण ते निघाले तर निम्मा ग्रुप मागे जाणार, हे प्रिस्किलाबाईला ठाऊक होतं. दीपमालाच्या नावावर अंगठा ठेवून ती बसून राहिली.

“दाब की,” जोसेफ म्हणाला. “एका मण्याने काय होतंय?”

“एक मणी ओढला की सगळी माळ सांडते, अहो. तुम्हाला काय कळणार? तुमची माळ उशीखाली असते.”

तेवढ्यात दीपमालाचाच फोन आला. “मावशी, मीच निघते. माझ्यापायी भांडण नको.”

“तिथल्या चर्चमध्ये ओळखतं का गं कोणी तुला?”

यंत्रांच्या खडखडाटातून ती हळूच म्हणाली, “नाही. तुमच्या ग्रुपवरच तेवढं माझं नाव घेतात.”

प्रिस्किलाबाईने फोन ठेवला आणि भीतीला वेळच न देता लिहून टाकलं : ‘आजची पाळी दीपमालाची. प्रश्न विचारायचे ते माळ संपल्यावर. सगळ्यांनी विचारा, मास्तरांनीही.’ मग ती हातशिलाई घेऊन बसली, पण डोळे फोनवर; सुई बोटात गेली.

दिवे लागले. दीपमालाचा आवाज आला, “नमो मरिये, कृपापूर्णे...”

खुणा निळ्या होत गेल्या. ऐकत सगळे होते, बोलत कोणी नव्हतं. प्रिस्किलाबाईने एकटीनेच उरलेला अर्धा म्हटला. दुसरी नमो मरिये आली. पुन्हा ती एकटीच. तिसऱ्या वेळी दीपमालाचा आवाज चिरकला, आणि तेवढ्यात मास्तरांचा आवाजी निरोप येऊन पडला.

“संपलं,” जोसेफ म्हणाला. प्रिस्किलाबाईने डोळे मिटून तो लावला.

“मी रायसिंग मास्तर सांगतो, आजपासून आम्ही...”

आणि मागून त्यांची म्हातारी आई, रमीबाई! तिला वाचता येत नाही, त्यामुळे दुपारचं भांडण तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिने मुलाच्या फोनवर फक्त एका पोरीची अर्धी प्रार्थना ऐकली होती. “हे पवित्र मरिये, देवाच्या माते...”

“आई, थांब जरा!”

“तूच थांब! पोर कधीची म्हणतेय, कोणी पुरी करेना. नमो मरिये अशी टांगून ठेवतात का रे? आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर...”

“आमेन,” मास्तर म्हणाले. जन्माची सवय! जीभ डोक्याला विचारायला थांबलीच नाही. त्याच गडबडीत बटणावरचा अंगठा सुटला असणार, आणि निरोप सगळीकडे गेला.

मास्तरांनी तो घाईघाईने पुसला. पण तोवर पाड्यावरून फुलीबाईचं आमेन आलं, उसाच्या फडातून शांतीलालचं आलं, मागोमाग एकावर एक येतच राहिली. चौथी नमो मरिये म्हणताना दीपमालाला रडू आवरत नव्हतं, तरी तिने आपला अर्धा भाग पुरा केला.

माळ संपल्यावर बऱ्याच वेळाने मास्तरांनी लिहिलं : ‘घंटेचं फादरांना विचारावं लागेल.’

“घरं घेऊन गेले नाहीत वाटतं?” जोसेफने विचारलं.

“आईला विचारल्याशिवाय कसे नेतील?” प्रिस्किलाबाई म्हणाली, आणि बोटाला चिंधी गुंडाळून तिने मशीन सुरू केलं.