आत पंचवीस

"देवरावभाऊ गेले," मयूरी फोनवर म्हणाली, आणि मी उत्तर दिलं, "बरं झालं. दुपारपासून ताटकळले असतील बिचारे." मला वाटलं होतं, ते लॅबच्या व्हरांड्यातून उठून घरी गेले... रविवार होता, भाचीच्या साखरपुड्यासाठी मी नागपुरात होते, हातात पेढ्यांचं ताट होतं. मयूरी माझी विद्यार्थिनी, एरवी मुद्देसूद बोलणारी. तिला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही. घरी परतताना बल्लारपूरच्या अलीकडे गाडीवरून पडले, ऊन लागलं, एवढंच कसंबसं सांगितलं. दीड महिना झाला. माझं ते 'बरं झालं' अजून माझ्या कानातून जात नाही.

देवरावभाऊ आमच्या चंद्रपूरच्या लॅबचे अटेंडंट. उत्क्रांतीचा अभ्यास म्हटलं की लोकांना माकडं आठवतात. आमच्याकडे असतात फळमाश्या, पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या, बाटल्यांत वाढवलेल्या. ऊन सोसायची ताकद त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या कशी येते, हा आमचा प्रश्न. माश्या काचेच्या नळीत घालून नळी गरम पाण्यात धरायची, कोणती किती मिनिटांनी पडते ते लिहायचं आणि जास्त तग धरणाऱ्यांचीच पुढची पिढी वाढवायची. पुण्याहून नवी नवी आले तेव्हा मी हे त्यांना अर्धा तास फळ्यावर समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे उन्हात ज्या टिकल्या त्यायचंच लगन लावाचं. एवढंच ना, म्याडम?" त्यानंतर पाहुण्यांना लॅब दाखवायचं काम मी त्यांच्यावरच सोपवून टाकलं.

माश्यांचं खाद्यही तेच शिजवत, मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट. कपड्यांना येणाऱ्या त्या आंबूस वासामुळे त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, सुरुवातीला भलताच संशय आला. यांनी शपथा घेत बसण्याऐवजी खाद्याची बाटलीच घरी नेऊन त्यांना हुंगायला दिली. हे सांगताना दर वेळी स्वतःच आधी हसायचे. नळीसमोर बसले की मात्र पापणी लवत नसे. "पडली," एवढंच म्हणायचे आणि मयूरी मिनिट लिहून घ्यायची. इतक्या वर्षांत त्यांच्या नजरेतून एक माशी निसटली नाही. ते स्वतः नेमके किती वाजता पडले, हे आम्हाला कुणालाच माहीत नाही.

त्या रविवारी वीज गेली आणि चौकीदाराला जनरेटर जमेना. माश्यांच्या बाटल्यांची, एसीनं पंचवीस अंशांवर ठेवलेली खोली तापली असती तर वर्षानुवर्षांच्या पिढ्या एका दुपारीत संपल्या असत्या. मयूरी वडशाला घरी गेलेली. देवरावभाऊंना फोन मीच केला... हे लिहायचं टाळत टाळत इथवर आले. ते जेवण अर्धवट टाकून बल्लारपूरहून गाडीवर निघाले, जनरेटर चालू केला. दोन वाजता मी फोन करून विचारलं, "किती आहे?"

"आत पंचवीस हाय, म्याडम. तुमी साखरपुडा पाहा. मी घंटाभर इथी व्हरांड्यात बसतो, मंग निघतो."

मी हुश्श केलं. आमच्याकडे 'किती आहे' याचा अर्थ एकच, माश्यांच्या खोलीचं तापमान. मे महिन्यातलं चंद्रपूर, भर दुपार, आणि उन्हाचाच अभ्यास करणाऱ्या बाईनं बाहेर किती आहे हे विचारलं नाही. मला स्वतःची शरम वाटते आणि रागही येतो.

गेल्या आठवड्यात सुमनबाई लॅबमध्ये आल्या. कपाटात राहिलेला देवरावभाऊंचा डबा आणि चष्मा मी त्यांच्या हातात दिला. मग त्यांनी माश्यांची खोली पाहायची इच्छा बोलून दाखवली. आत शिरल्यावर बाटल्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. हात पुढे करून त्या नुसत्या हवेचा अंदाज घेत उभ्या राहिल्या.

"इथी तं किती थंड हाय," त्या म्हणाल्या. "मंग हे इथीच काऊन नाई थांबले, म्याडम? बाहेर काऊन बसले?"

मी सांगून टाकलं. माणसाच्या अंगाच्या उबेनं ही एवढीशी खोली तापते, म्हणून पाच मिनिटांच्या वर आत कुणी थांबायचं नाही, हा नियम माझा. मुलं तो सर्रास मोडतात. देवरावभाऊंनी एकदाही मोडला नाही, त्या दिवशीसुद्धा नाही... त्या मला बोलतील, रडतील, मी तयारीत होते. त्यांनी डबा काखेत धरला आणि मला बाहेर यायची खूण केली. बाहेर आल्यावर दार त्यांनीच ओढून घेतलं. कडेनं फट राहिली का, ते वरपासून खालपर्यंत तळहात फिरवून पाहिलं.

"दार सैल राह्यलं तं माश्या मरतेत, म्हणत होते," त्या म्हणाल्या.