पाचवी मूठ

माझं लिखाण जमलंय की फसलंय, हे मला सगळ्यात आधी हातांनी सांगितलं. आमच्या गावी, रनाळ्यात, काकूच्या ओट्यावर दुपारी पाच-सहा बायका काम घेऊन बसायच्या. थंडीत मिरच्यांचे देठ खुडायच्या, उन्हाळ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, पावसाळ्यात गहू निवडायच्या. मी भिंतीला टेकून, त्या दिवशी लिहिलेलं मोबाइलवरून वाचून दाखवायचे. तोंडाने कुणी काही सांगत नसे. सांगितलंच तर "चांगलं शे वं माय" एवढंच, आणि तेवढं तर त्या दारावर येणाऱ्या भाजीवाल्यालाही सांगायच्या. पण मधेच एखाद्या वाक्याला सगळ्यांचे हात थांबायचे. मिरची एका हातात, देठ दुसऱ्या हातात, तशाच. ते वाक्य मी ठेवायचे. जिथे हात चालूच राहिले, तिथलं घरी येऊन निम्मं उडवायचे.

ही काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. तिला वाचता येत नाही. तरी माझी पहिली संपादक तीच. मी सुरुवातीला वाचलं ते शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी होतं, त्यात 'मनोमन', 'अंतर्मुख' असले शब्द ठासून भरलेले. काकूने मिरच्यांवरची नजरही न उचलता विचारलं, "असं कोण बोलस वं?" मला राग यायला वेळ लागत नाही, तेव्हाही आलाच. मी तणतणत घरी गेले आणि रात्रीच्या भाकरी होईपर्यंत ते सगळे शब्द काढून टाकले.

नंदुरबारच्या एका खासगी शिकवणीतली नोकरी सुटली, तेव्हापासून मी घरबसल्या लिहायला लागले होते. पोटासाठी कंपन्यांच्या वेबसाइटवरचे लेख लिहायचे. पाणी शुद्ध करणारं यंत्र, केसांचं तेल, गुडघ्याला बांधायचे पट्टे. माझ्या घरात यातलं एकही नव्हतं आणि मी तिन्हीचे फायदे झोपेत सांगू शकले असते. उरलेल्या वेळात माझा स्वतःचा ब्लॉग, दर गुरुवारी एक लेख. त्यात आमचं गाव, आमची अहिराणी बोली, ओट्यावरच्या गप्पा. आई विचारणाऱ्यांना सांगायची, "ती मोबाइलमा काहीतरी करी ऱ्हायनी." त्याहून बरी व्याख्या मलाही अजून सापडलेली नाही.

वाचक वाढत नव्हते, म्हणून मी एक ऑनलाइन शिबिर केलं. शिकवणाऱ्या गृहस्थांच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं, आणि त्यातलं एकही पुस्तक कधी हललेलं दिसत नव्हतं. ते म्हणाले, तुमचा आदर्श वाचक कोण ते ठरवा, त्याचं वय, शहर, सवयी लिहा. मी लिहिलं, पस्तिशीतली बाई, राहते पुण्यात, गाव सुटलंय. त्यांनी माझं कौतुक केलं. मग त्यांनी चार चौकोनांचा एक तक्ता भरायला सांगितला. तातडीचं काय, महत्त्वाचं काय, दोन्ही काय, दोन्ही नाही ते काय. कंपन्यांचे लेख पहिल्या चौकोनात गेले. गुरुवारचा लेख दुसऱ्या. 'ओट्यावर वाचन' कुठे टाकावं ते कळेना. त्याने पैसे येत नव्हते, वाचक वाढत नव्हते, आणि अख्खी दुपार जायची. शेवटी मी ते चौथ्या चौकोनात टाकलं, तातडीचंही नाही आणि महत्त्वाचंही नाही. तो तक्ता मी नंदुरबारला घेतलेल्या खोलीच्या भिंतीवर चिकटवला. खोली घेतली कारण गावात नेट टिकत नव्हतं. तेवढंच कारण होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे.

खोली घेण्याच्या आधीच्या श्रावणातली गोष्ट सांगायला हवी. श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. एका रविवारी येते, सोमवारी जाते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, जे गहू काढतात ते मोजून, घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ते रोट बाहेरच्याला देत नाहीत, घरच्यांनीच संपवायचे. थोडक्यात, ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा. त्या दुपारी आम्ही ओट्यावर रोटांचेच गहू निवडत होतो. बाकीच्या बायका उठून गेल्या होत्या. काकू अगदी हळू म्हणाली, "माणसे चार शेतस. मी मुठी पाच लेस."

चार म्हणजे काका, थोरला मुलगा आणि दोन नातू. पाचवी धाकट्याची. धाकट्याने सुरतेत आपल्या मनाने लग्न केलं, त्यावरून बापलेकांत इतकं पेटलं की काकांनी सांगून टाकलं, "त्यानं नाव आठे काढानं नही." तेव्हापासून तो आला नाही, त्याचा फोन नाही, आणि घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. फक्त दर श्रावणात काकू पाठमोरी बसून एक मूठ जास्त घालायची. ते पीठ मळलं जायचं, त्याचा रोट व्हायचा, काकाही तो खायचे. हे सांगताना ती किंचित हसली. मग म्हणाली, "कोणले सांगू नको." मी म्हटलं, नाही सांगत.

आणि मी कुणालाच सांगितलं नाही. लिहिलं.

माघात एका गुरुवारी माझ्याकडे विषय नव्हता. सगळी सकाळ तेलाचा लेख तिसऱ्यांदा दुरुस्त करण्यात गेली होती. शिबिरवाल्या गृहस्थांचं ब्रीद होतं की एक गुरुवार चुकला की वाचक सुटला. मी पाचव्या मुठीवर लिहिलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं 'माझी एक काकू'. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याच वेळी हा लेख चालणार हेही कळत होतं. या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात याची मला अजून लाज वाटते. पूर्वीची मी असते तर बस पकडून रनाळ्याला गेले असते आणि आधी ओट्यावर वाचला असता. पण ओटा चौथ्या चौकोनात होता. मी लेख टाकला आणि चहा केला.

लेख चालला. कुणी कुणी अनोळखी बायका लिहीत होत्या की त्यांच्याही घरात अशी एक मूठ आहे. लेख मेलने मागवणाऱ्यांच्या माझ्या यादीत इतकी नावं एका आठवड्यात कधी आली नव्हती. मी दर तासाला आकडे बघत होते. आणि या सगळ्या आनंदात मला एक साधी गोष्ट सुचली नाही. मी तो पुण्यातल्या बाईसाठी लिहिला होता, पण पुण्यातल्या बाईलाही माहेर असतं. तिने तो आपल्या भावाला पाठवला, भावाने आणखी कुणाला, आणि फिरत फिरत तो आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर येऊन पडला. माझं नाव वर होतंच. मला एकच काकू अशी आहे जिचा मुलगा सुरतेला आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. डेअरीवर दूध घालायला गेलेल्या काकांना तो कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

काका घरी येऊन ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला फक्त फोन केला आणि एवढंच म्हणाले, "ते काढी टाक." मी हो म्हटलं. मग काढू, उद्या काढू, असं करत राहिले. खरं सांगायचं तर रोज नवी माणसं येत होती आणि माझा हात होत नव्हता.

त्यानंतर पहिल्यांदा ओट्यावर गेले तेव्हा मिरच्या चालू होत्या. मला जागा दिली, पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग पाऊस यंदा कसा होईल यावर बोलत राहिल्या. माघात! कोपऱ्यातली एक जण सुनेबद्दल काही सांगायला लागली, तर दुसरी हसत म्हणाली, "बोलू नका वं, ती लिखी लेस." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मी एक नवा लेख वाचून दाखवला. बरा होता तो. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकीचाही हात थांबला नाही.

मला तो ओटा हवा आहे. हे मी इतकं सरळ कधी लिहिलं नव्हतं. आज माझी यादी मोठी आहे, चांगल्या ठिकाणाहून काम येतं, गुरुवारचा लेख वाचून लोक लांबलांबून लिहितात. पण लिहिताना मी वाक्यापाशी थांबते आणि मला कळत नाही की हे ठेवू की काढू. सांगायला कुणी नाही. आकडे दुसऱ्या दिवशी सांगतात, आणि ते काय सांगतात ते त्यांनाही माहीत नसतं. दुपारी तीनला खोलीत बसलेली असते तेव्हा मला मिरचीचा तो नाकात चढणारा वास आठवतो आणि अगदी रडू येतं.

यंदाच्या श्रावणात कानबाई बसायच्या आधी आई काकूकडे गेली होती. तिने येऊन सांगितलं. गहू काढायच्या वेळी काका पाट घेऊन समोर येऊन बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. मुठी त्यांनी स्वतः मोजल्या. चार झाल्यावर उरलेल्या गव्हाच्या पोत्याचं तोंड बांधलं आणि उठून गेले. काकू पदराने हात पुसून चूल पेटवायला गेली, आई म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी निघायला हवं होतं. पंधरा दिवसांनी गेले. बाकी कुणी यायच्या आत गेले. काकू एकटीच ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "काकू, मी ते काढी टाकस. तुन्हा समोर काढस." माफी मागायची होती, ती मला मागता आली नाही. मला एवढंच बोलता आलं.

ती सोलत राहिली. सोलता सोलताच म्हणाली, "कितला लोकेस्नी वाचं ते?"

"बराच लोकेस्नी."

"त्यामा मन्हा पोऱ्या व्हता का?"

इतके महिने मी ते आकडे बघत होते. कुठल्या वेळी वाचतात, कुठल्या ओळीपाशी सोडून जातात, किती जण परत येतात. हा प्रश्न मला पडला नव्हता. मी ते पान उघडलं. त्यात नावं नसतात, फक्त शहरं असतात. पुणे, मुंबई, नाशिक, आणि त्याखाली सुरत. खोटं बोलायचा मोह झाला, फार झाला. आमच्या भागातली निम्मी माणसं कामाला सुरतेत आहेत, तो कुणीही असू शकतो. मी म्हटलं, "सुरतमा वाचं. कोणी वाचं, ते समजत नही."

काकूचे हात थांबले.

"कोठे शे? दखाड."

मी अक्षरांवर बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला करून तिथे आपलं ठेवलं, मुगाच्या शेंगांनी हिरवं झालेलं. "हाई सुरत?" मी हो म्हटलं. तिने बोट तिथून उचललं नाही. मग म्हणाली, "काढू नको. घरनी मूठ गई. हाई ते ऱ्हाऊ दे."

लेख अजून तिथेच आहे. काकांना दिलेला शब्द मी मोडला आहे आणि ते बहुतेक त्यांना माहीत आहे. भिंतीवरचा तक्ता मी काढला नाही, पण सकाळी कंपन्यांची कामं उघडण्याआधी आता मी ते शहरांचं पान उघडते आणि एकच शब्द शोधते. दुपारी, बायका ओट्यावर जमायच्या आधी, काकूचा फोन येतो. ती बरं-वाईट काही विचारत नाही. एवढंच विचारते, "शे का?"

आजवर मी रोज 'शे' म्हटलं आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवस सुरत त्या पानावर नव्हती.